कॅम्पस पोलिसांचा तो दहा आकडी नंबर आई-बाबांनाही द्या : महाराष्ट्र मंडळांच्या आणि विद्यार्थी संघटनांच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे आणि विद्यापीठांमधल्या भारतीय विद्यार्थी संघटनांचे कार्यकर्ते यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला. नंबर न्यू जर्सीचा, अनोळखी. "ताई, तुम्ही मला ओळखत नाही, पण..." अशी सुरुवात झाली की मी आता आधी चष्मा शोधते. सांगलीच्या एका बाईंचा मुलगा आमच्या विद्यापीठात एमएस करतो. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता, व्हॉट्सअॅपवर एकच टिक दिसत होती. त्या बाईंनी मुलाच्या बारावीतल्या मित्राला गाठलं, त्याने ह्यूस्टनच्या चुलतभावाला, त्याने कुठल्याशा मंडळाच्या माजी अध्यक्षांना, त्यांनी या न्यू जर्सीवाल्यांना, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की त्या विद्यापीठाच्या लायब्ररीत एक मराठी बाई काम करते. ती बाई म्हणजे मी. मधल्या काळात एका मावसभावाने परराष्ट्रमंत्र्यांना टॅग करून पोस्टही टाकून झाली होती.

मी फक्त आमच्या कॅम्पस पोलिसांच्या, म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्या पोलिसांच्या, डिस्पॅचला (फोन घेणाऱ्या कक्षाला) फोन केला. मुलाचं नाव, डिपार्टमेंट, आईला वाटणारी काळजी, एवढंच सांगितलं. पंचवीस मिनिटांत ऑफिसरचा उलटा फोन आला. मुलगा लॅबमध्ये होता, खुर्च्या जोडून झोपला होता. फोन बर्फात पडून मेला होता आणि पेपरची डेडलाइन होती. (लॅपटॉपवरून आईला ईमेल करता येते हे त्याला सुचलं नाही, हा वेगळा विषय.) ऑफिसरने त्याला एवढंच सांगितलं की बाबा रे, आईला फोन कर.

दोन दिवस, सहा-सात माणसं, तीन राज्यं, एक मंत्री. आणि काम झालं पंचवीस मिनिटांत, जो फोन सांगलीहूनही करता आला असता, अशा एका फोनने.

म्हणून हे पत्र. तुम्ही मंडळी दर ऑगस्टमध्ये जे करता ते मी वीस वर्षं बघते आहे. विमानतळावरून पोरांना आणता, पहिले चार दिवस कुणाच्या तरी हॉलमध्ये गाद्या टाकता, इंडियन स्टोअर दाखवता, कुठलं सिमकार्ड स्वस्त ते सांगता. तुमच्या त्या चाळीस पानी 'नवीन विद्यार्थ्यांसाठी माहिती'मध्ये प्रेशर कुकर आणावा की इथे घ्यावा यावर दीड पान आहे. कॅम्पस पोलिसांवर एक ओळ आहे : 'इमर्जन्सीत ९११ लावा.' आणि ते ९११ सांगलीहून लागत नाही.

आपल्याकडे दोनच चित्रं डोक्यात असतात. विद्यापीठाचा गणवेशवाला म्हणजे गेटवरचा वॉचमन, आणि पोलीस म्हणजे ठाणे. ठाण्याची पायरी शहाण्याने चढू नये हे आपण घरातूनच शिकून येतो. इथले कॅम्पस पोलीस या दोन्हींत बसत नाहीत. १८९४ साली येल विद्यापीठाने न्यू हेवन शहराचे दोन पोलीस खास कॅम्पससाठी घेतले, तिथून ही पद्धत सुरू झाली असं मानतात. आज बहुतेक सरकारी विद्यापीठांचे पोलीस हे शपथ घेतलेले, अटकेचे अधिकार असलेले खरे पोलीस आहेत. केंद्रीय न्याय खात्याच्या २०११-१२ च्या पाहणीत सरकारी कॅम्पसपैकी ९२ टक्क्यांकडे असे पोलीस होते, खासगीपैकी ३८ टक्क्यांकडे. बाकी ठिकाणी नुसते सुरक्षारक्षक असतात, म्हणून आपल्या विद्यापीठात काय आहे ते आधी विचारून घ्या. त्यांची हद्दही कॅम्पसच्या कुंपणाशी संपतेच असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पोलिसांची मुख्य हद्द कॅम्पसच्या सीमेपासून एक मैलापर्यंत जाते, म्हणजे आपली मुलं जिथे चौघांत दोन बेडरूम घेऊन राहतात ती अपार्टमेंट्स बऱ्याचदा त्यातच येतात.

पण अधिकारापेक्षा मला त्यांची रोजची कामं जास्त सांगायची आहेत. ती आपल्या मुलांना माहीतच नसतात.

मी लायब्ररीत संध्याकाळची पाळी करते. रात्री साडेअकरानंतर आपल्या मुली घोळक्याने निघतात. एकीचं काम संपलं नसेल तर बाकीच्या तिघी ताटकळत बसतात, नाहीतर ती एकटी कानाला फोन लावून आईशी बोलत घरापर्यंत जाते. नाशिकमधली आई काय करणार आहे? त्याऐवजी एक नंबर फिरवला की कॅम्पस पोलिसांनी प्रशिक्षण दिलेला विद्यार्थी-सहायक जॅकेट घालून, हातात रेडिओ घेऊन येतो आणि दारापर्यंत सोडतो. बर्कलीत या सेवेला बेअरवॉक म्हणतात, इलिनॉय विद्यापीठात सेफवॉक्स. तुमच्याकडे आणखी काही नाव असेल. बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, का जायचंय हे कुणी विचारत नाही. मी हे सांगते तेव्हा मुली म्हणतात, "नको मॅम, उगाच कशाला त्यांना त्रास?" अगं, त्या मुलाला त्याचाच पगार मिळतो! तू बोलावलं नाहीस तर तो बिचारा रात्रभर स्टेशनवर बसून गृहपाठ करतो.

निळ्या दिव्याचे खांब तुम्ही पाहिलेच असतील. बटण दाबलं की थेट डिस्पॅचर, आणि तुम्ही कुठल्या खांबापाशी आहात हे त्याला बोलण्याआधीच कळतं. मोबाइल आल्यापासून ते फारसे कुणी वापरत नाही, काही विद्यापीठांनी काढूनही टाकले. पण उणे वीसमध्ये फोनची बॅटरी कशी मरते हे पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकाला कळतं, आणि खांबाला चार्जिंग लागत नाही.

मग कागदपत्रं. पासपोर्ट हरवला तर नव्यासाठी आपल्या दूतावासाच्या कामात पोलीस रिपोर्ट लागतो. मुलं शहराच्या पोलिसांकडे जायला घाबरतात आणि आठवडा घालवतात. कॅम्पसवर हरवला असेल तर हा रिपोर्ट कॅम्पस पोलीसच देतात. शिवाय त्यांच्याकडे हरवलं-सापडलं विभाग असतो, त्यामुळे रिपोर्ट लिहायला गेलेल्याला पासपोर्टच परत मिळाल्याचं मी एकदा पाहिलं आहे. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, एफबीआयचा गुन्हे-नोंदींचा दाखला काढायचा तर बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्यासाठी लोक गाडी भाड्याने घेऊन पन्नास मैल जातात. पुष्कळ विद्यापीठांच्या पोलिसांकडे ठरावीक दिवशी थोड्या शुल्कात ठसे घेतात.

सायकल, लॅपटॉप यांचे सिरियल नंबर नोंदवून घेतात, काही ठिकाणी चिकटपट्टी लावून देतात. सायकलला केबलचं कुलूप लावू नका, यू-लॉक लावा, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी केबलची कापलेली शेपटी स्टँडला लोंबकळताना बघते. जुनं फर्निचर, जुना फोन ऑनलाइन विकत घेताना अनोळखी माणसाला घरी बोलवण्याऐवजी पोलीस स्टेशनच्या लॉबीत किंवा कॅमेऱ्याखालच्या पार्किंगमध्ये भेटता येतं. समोरचा माणूस तिथे यायला का-कू करायला लागला की व्यवहार करायचा की नाही हे आपोआप ठरतं. बॅटरी उतरलेली गाडी चालू करून देणं, बायकांसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग, हेही बऱ्याच ठिकाणी आहे. आणि दर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये जुनी औषधं जमा करून घेण्याचा राष्ट्रीय दिवस असतो. आईने अर्धी सुटकेस भरून दिलेल्या, मुदत संपलेल्या त्या अँटिबायोटिक्सच्या पट्ट्या नेऊन टाकायला याहून चांगली जागा नाही.

९११ बद्दलही थोडं. डिपार्टमेंटच्या फोनवरून बाहेरची लाइन घ्यायला आधी ९ दाबायचा, मग आंतरराष्ट्रीय ०११, मग भारताचा ९१. यातलं शून्य घाईत राहिलं की काय होतं ते जुळवून बघा. आमच्या इमारतीतून दर सेमिस्टरला एक-दोघांचे असे फोन जातात, आणि घाबरून ते कापतात. फोन कापला की ऑफिसर बघायला येतो, यायलाच लागतं त्याला. चुकून लागला तर कापू नका. "सॉरी, चुकून लागला" एवढं म्हणायला कुणी दंड करत नाही.

आता एक गोष्ट जी तुम्हा कार्यकर्त्यांनाही बहुधा माहीत नसते. १९८६ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीवर तिच्याच डॉर्मच्या (वसतिगृहाच्या) खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. करणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप बंद होणारी दारं मुलांनीच काहीतरी अडकवून उघडी ठेवली होती. तिच्या आई-वडिलांनी पिच्छा पुरवला आणि १९९० मध्ये कायदा झाला, जो आता तिच्या नावाने ओळखला जातो. केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. त्याशिवाय, जिथे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे तिथे रोजची नोंदवही ठेवावी लागते आणि निदान गेल्या ६० दिवसांची पानं मागेल त्याला दाखवावी लागतात. मागेल त्याला, म्हणजे औरंगाबादच्या काकांनाही. अपार्टमेंट घेण्याआधी आपण भाडं, बस आणि मंदिर किती लांब ते बघतो. त्याच वेळी ही नोंदवही दहा मिनिटं चाळली तर त्या गल्लीत गाड्यांच्या काचा किती वेळा फुटल्या ते कळेल. वर्षाच्या आकड्यांत विद्यापीठाच्या जागा आणि त्यांना लागून असलेले रस्ते एवढंच येतं, हे मात्र लक्षात ठेवा. लांबच्या अपार्टमेंटसाठी शहराच्या पोलिसांचा नकाशा बघावा लागतो.

१६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक. सकाळी डॉर्ममध्ये दोघांना मारल्यावर दोन तासांहून जास्त वेळ कॅम्पसला सूचना गेली नव्हती. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि धोका दिसताच तातडीने सगळ्यांना कळवणं बंधनकारक झालं. आता मेसेज येतो. पण कुणाला? आपली मुलं अर्ज भरताना पोर्टलवर भारतातला नंबर टाकतात आणि तो बदलायचं विसरतात. मागच्या वर्षी आमच्याकडे वायू गळती झाली तेव्हा इमारत रिकामी करण्याचा मेसेज एका मुलाच्या पुण्यातल्या सिमवर गेला. ते सिम त्याच्या वडिलांच्या जुन्या फोनमध्ये होतं. त्यांनी घाबरून त्याला फोन केला, तेव्हा हा त्याच इमारतीत डबा खात बसला होता.

यावर तुमच्यातले काही म्हणतील, आणि मागच्या सभेत एकाने म्हटलंच, "ताई, तुमच्या काळात ठीक होतं. आता पोलिसांच्या जवळ जायचं म्हणजे व्हिसा गेला."

ही भीती वेडेपणाची आहे असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेतल्या) नोंदी अचानक रद्द झाल्या. कित्येकांचा दोष काय, तर कधीतरी वाहतुकीचा दंड झालेला, किंवा कोर्टाने काढून टाकलेलं एखादं प्रकरण. इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते. मुलं कोर्टात गेली आणि एप्रिलअखेर सरकारने नोंदी पूर्ववत करायला घेतल्या, पण त्या महिनाभरात ज्यांनी सामान बांधलं त्यांना कोण भरपाई देणार? त्याच सुमारास फ्लोरिडातल्या कित्येक सरकारी विद्यापीठांच्या पोलिसांनी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याशी सहकार्याचे करार केले. तिथल्या मंडळांनी हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. आणि कॅम्पस पोलीस म्हणजे सगळे देवमाणसं असंही नाही. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर शांत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर मिरचीचा फवारा मारणारा अधिकारी कॅम्पस पोलिसांचाच होता.

तरी फरक करायला शिकवा. आपण मदत मागणारे, ज्याची चोरी झाली ते, आणि ज्याच्यावर आरोप झाला ते, या वेगळ्या नोंदी आहेत. त्या २०२५ च्या प्रकरणांत बहुतेक मुलांच्या नावावर आरोप, अटक किंवा दंड यांचा काही ना काही कागद निघाला होता. रात्री घरी सोडायला बोलावणं, पासपोर्टचा रिपोर्ट, ठसे, आईने केलेली चौकशी, यांची जात निराळी. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात या देशात ३ लाख ६३ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. त्यांनी दार वाजवायचंच नाही असं ठरवलं, तर भीती तेवढी राहील आणि सोय जाईल.

खरा धोका आपल्याच एका सवयीत आहे, तो त्यांना सांगा. "पोलिसांत देईन" ही आपल्याकडे धमकी असते. रूममेटने भाडं थकवलं, भांडण हातघाईवर आलं, की जरा दम द्यायला म्हणून कुणीतरी फोन करतो. इथे ऑफिसर दम द्यायला येत नाही. आल्यावर काय करायचं ते तो ठरवतो, आणि मारहाण दिसली तर काही राज्यांत अटकेवाचून त्याला इलाज नसतो. मग "मिटलं आमचं" म्हणून हात जोडून उपयोग नाही. अशा दोन मुलांच्या जामिनासाठी मी स्वतः धावपळ केली आहे. दोघं सकाळी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते आणि नोंद व्हायची ती झालीच होती. भाड्याच्या भांडणाला बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला विभाग असतो. लैंगिक छळाच्या प्रकरणात मुलीचं काय करायचं ते ठरलं नसेल तर आधी गोपनीयता पाळणाऱ्या समुपदेशकाकडे न्या. पोलिसांना सांगितलेलं गुपित राहीलच असं नाही, मात्र समुपदेशकाकडून पोलिसांकडे केव्हाही जाता येतं.

गाडी थांबवली तर उतरू नये, हेही पुन्हा पुन्हा सांगा. आपल्याकडे गाडीत बसून राहणं उद्धटपणा, इथे उतरून चालत जाणं धोका. हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावलेला, आणि खिशात हात घालण्याआधी सांगायचं की लायसन्स काढतोय. आणि कृपा करून पाकीट उघडून "काही जमतंय का" असा चेहरा करू नका.

पोलिसांशी कधीच बोलणं झालेलं नसतं, म्हणून ठकांचंही फावतं. 'मी इमिग्रेशनमधून बोलतोय, तुमचा एक फॉर्म राहिला, तासाभरात गिफ्ट कार्डांनी पैसे भरा नाहीतर ऑफिसर दाराशी येईल.' स्क्रीनवर नंबर कॅम्पस पोलिसांचाच दिसतो, कारण नंबर बनावट दाखवता येतो. आमच्या एका पीएचडीच्या मुलीने दुकानात उभं राहून दीड हजार डॉलरची कार्डं घेतली. तिला वाचवलं काउंटरवरच्या मुलाने. मी नंतर विचारलं, फोन ठेवून पोलिसांना उलटा फोन का नाही केलास? ती म्हणाली, "पण पोलिसच तर बोलत होते ना!" खरा ऑफिसर कसा बोलतो हे तिने आयुष्यात एकदा तरी ऐकलेलं असतं, तर त्या ठकाचा सूर तिला दोन मिनिटांत ओळखू आला असता.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. स्वागताच्या कार्यक्रमाला विद्यापीठाच्या पोलिसांना एक टेबल द्या. भाषण नको, टेबल. मुलं पोहे खाता खाता तिथे जातील, सायकलचा नंबर लिहून देतील, एखाद्या ऑफिसरचा चेहरा ओळखीचा होईल. दुसरं, विमानतळावरच्या पिकअपच्या यादीत आपण मुलाचं नाव, फ्लाइट आणि शाकाहारी की मांसाहारी एवढं लिहून घेतो, त्यात आई-बाबांचा व्हॉट्सअॅप नंबर वाढवा. त्यांना एकच मेसेज पाठवा : मुलाचा पूर्ण पत्ता अपार्टमेंट क्रमांकासकट, आणि कॅम्पस पोलिसांचा तातडीचा नसलेला दहा आकडी नंबर, आधी +१ लावून. सांगलीच्या त्या बाईंना मुलाचं विद्यापीठ माहीत होतं, गाव माहीत होतं, पत्ता नव्हता. मुलगा कॅम्पसबाहेर राहत असेल तर डिस्पॅचर फोन शहराच्या पोलिसांकडे जोडून देतो, पण त्यालाही दाराचा क्रमांक लागतो. इंग्रजीची भीती वाटत असेल तर "हिंदी, प्लीज" म्हणा. पुष्कळ ठिकाणी फोनवर दुभाषी जोडून देतात. ऑफिसर मुलाच्या सगळ्या भानगडी आईला सांगणार नाही, मुलगा सज्ञान आहे. तो सुखरूप आहे आणि फोन करायला सांगितलंय, एवढं सांगेल. रात्री तेवढंच हवं असतं.

आमच्या मंडळापुरतं मी या वर्षी विचारून ठेवलं आहे. कॅम्पस पोलिसांच्या सार्जंटबाई २३ तारखेला यायला तयार आहेत. त्यांनी फक्त तीन गोष्टी विचारल्या : टेबल किती फुटी, प्लग पॉइंट जवळ आहे का, आणि मागच्या वर्षी कुणीतरी स्टेशनवर आणून दिलेला तो पिवळा तिखट पदार्थ असेल का.

चिवडा कोण करणार ते मला या आठवड्यात कळवा.

आपली,
लायब्ररीतली मराठी बाई